काकू, बॉलला मारू नका

निवृत्त बाईनं काय करावं हे सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधी वानवा नसते. योगासनं करा, सांधे धरणार नाहीत. शब्दकोडी सोडवा, स्मरणशक्ती टिकेल. भजनी मंडळात या, मन रमेल. गीतेचा वर्ग लावा, पुढची तयारी होईल. यातला एकही सल्ला वाईट नाही, पण प्रत्येकाच्या पाठीशी कुठला ना कुठला फायदा उभा आहे. ‘खेळा’ असं मात्र मला कुणी म्हटलं नाही. साठी उलटलेल्या बाईनं खेळायचं ते नातवंडांशी, आणि तेही हरायचं ठरवूनच.

तर, गेल्या दिवाळीपासून मी गोल्फ शिकते आहे. हे सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी हसू येतं आणि पाठोपाठ हिशेब. सांगलीच्या माझ्या बहिणीनं फोनवर सरळच विचारलं, “ताई, तुला लॉटरी लागली का गं?” सोसायटीतल्या एका गृहस्थांनी तर लिफ्टमध्ये कोपरापासून नमस्कार ठोकला. त्यांचं तरी काय चुकलं? आपण गोल्फ पाहिलेला हिंदी सिनेमात. पांढरी पँट, एका हातात मोजा, मागून पिशवी वाहणारा एक बिनसंवादाचा माणूस, आणि पुढच्या फटक्याआधी कुणाची तरी कंपनी गिळंकृत करण्याचा बेत. माझं माहेर नाशिकचं. तिथे ‘गोल्फ क्लब’ लहानपणापासून रोजच्या बोलण्यात, पण एका मैदानाचा पत्ता म्हणून. तिथे रणजीचे सामने होतात, सभा होतात, सकाळी निम्मं गाव फेऱ्या मारतं. गोल्फ खेळताना मी कुणाला पाहिलेलं नाही. मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. १९०९ साली कलेक्टर जॅक्सनला नाटकाच्या थिएटरात गोळी घालणारे ते कान्हेरे. साहेबाच्या खेळावरून ओळखलं जाणारं मैदान, नाव साहेबाला मारणाऱ्याचं, आणि नाशिककर रिक्षावाल्याला दोन्हींपैकी जे तोंडात येईल ते सांगतात.

या खेळाकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते ७ ऑगस्ट २०२१च्या पहाटे. टोकियो ऑलिंपिकमध्ये बंगळूरची अदिती अशोक शेवटची फेरी खेळत होती. वय तेवीस, जागतिक क्रमवारीत २००वी, आणि तीन फेऱ्यांनंतर चक्क दुसरी. आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर त्या दिवशी चहाच्या आधी गोल्फ सुरू झाला. नियम कुणालाच ठाऊक नव्हते. ‘बोगी चांगली की वाईट?’ असं कुणी विचारायचं आणि कुणीतरी अधिकारवाणीनं चुकीचं उत्तर द्यायचं. वादळामुळे खेळ थांबला, तेव्हा पुन्हा सुरूच झाला नाही तर रौप्य आपलं, असं कळलं, आणि ऐन श्रावणाच्या तोंडावर अर्धा देश टोकियोवरच्या ढगांसाठी देव पाण्यात घालून बसला. खेळ सुरू झाला. शेवटच्या होलवर अदितीचा पट, म्हणजे बॉल होलमध्ये ढकलायचा हलका फटका, जरासा हुकला आणि एका फटक्यानं ब्राँझ गेलं. संध्याकाळी नीरज चोप्राचा भाला सुवर्णावर पडला आणि आमचा गट तिकडे धावला.

माझ्या डोक्यात राहिली ती तिची आई. लेकीची पिशवी खांद्यावर घेऊन ती चारही दिवस तिच्याबरोबर चालत होती. आधीच्या, रिओच्या ऑलिंपिकमध्ये हेच काम वडिलांनी केलं होतं. मुलीला खेळू देणं वेगळं आणि तिच्या खेळाचं ओझं आपण उचलणं वेगळं. शिक्षिकेच्या खोडीप्रमाणे मी पुढे वाचत गेले, तर कळलं की ज्या कासुमिगासेकी क्लबवर हे सगळं चाललं होतं, तिथे २०१७पर्यंत बाईला पूर्ण सभासदत्वच मिळत नव्हतं. ऑलिंपिक समितीनं डोळे वटारले तेव्हा नियम बदलला.

माझ्या पिढीच्या बायकांना यात नवल वाटणार नाही. आम्ही खो-खो खेळलो, लंगडी खेळलो, लगोरीत पाठी शेकून घेतल्या, आणि सातवी-आठवीच्या सुमाराला घरातलं कुणीतरी ‘आता पुरे’ म्हणालं. माझ्या बाबतीत आजी. भांडण झालं नाही, रडारड झाली नाही. पुरे म्हटलं आणि पुरे झालं. नंतर खेळ उरला तो पोरांना क्रिकेटच्या शिबिराला सोडून झाडाखाली भाजी निवडत बसण्यापुरता. शाळेत मी गणित आणि विज्ञान शिकवायची. पोर्शन मागे पडला की पी.टी.चा तास मागून घ्यायचा, ही सगळ्या शाळांतली गणिताच्या बाईंची वहिवाट, आणि ती मी इमानेइतबारे पाळली.

निवृत्तीनंतर गोल्फच का, याचं उत्तर फार साधं आहे. नवी मुंबईत आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर एक ड्रायव्हिंग रेंज आहे. हिरव्या चटयांची रांग, समोर मोकळं रान, त्यात पन्नास, शंभर, दीडशे यार्डांच्या पाट्या. पैसे भरले की बादलीभर बॉल मिळतात आणि स्टिक भाड्यानं. धावायचं नाही, समोरून कुणी अंगावर चेंडू टाकत नाही, जोडीदार शोधायला नको. माझ्या गुडघ्यांना हा करार मान्य झाला. उजव्या खांद्याचं पूर्वी एकदा दुखणं झालं होतं, म्हणून फिजिओथेरपिस्टला विचारून घेतलं. ती म्हणाली, अर्धाच स्विंग घ्या. मला पूर्ण येत नव्हता, त्यामुळे तोही प्रश्न मिटला.

शिकवणारा मुलगा पंचविशीचा. चेंबूरचा, वडील कॅडी, म्हणजे खेळणाऱ्यांची पिशवी वाहणारे. मी त्याला ‘सर’ म्हणते, तो मला ‘काकू’ म्हणतो, आणि या व्यवस्थेत आम्हा दोघांनाही काही वावगं वाटत नाही. पहिले कित्येक दिवस त्यानं मला एकच स्टिक दिली, सेव्हन आयर्न. पिशवीत चौदापर्यंत ठेवता येतात, पण नवशिक्याला एक पुष्कळ. ती धरायची कशी, यावरच सबंध तास गेला. डावा हात वर. उजव्याची करंगळी डाव्याच्या तर्जनी आणि मधल्या बोटामधल्या खोबणीवर टेकवायची. डावा अंगठा उजव्या तळव्याखाली झाकला जातो. लिहायला दोन ओळी लागल्या. करताना दहाही बोटं परक्या माणसाची वाटतात. त्यातून पकड सैल हवी. मी खडू धरावा तशी घट्ट धरायची, की सर नुसते माझ्या मनगटाकडे बघायचे.

आणि मग ते वाक्य, “काकू, बॉलला मारू नका.”

मग इथे आलो कशाला? त्याचं म्हणणं, स्विंग करा. बॉल वाटेत येतो, तेवढाच त्याचा संबंध. बॉलकडे लक्ष ठेवायचं पण त्याच्यावर डूख धरायचा नाही. सगळे नवशिके करतात तेच मीही करत होते. बॉल हवेत जायला हवा, म्हणून डोशाखाली उलथनं सारावं तशी स्टिक त्याच्या खाली सारायला जायची. मग स्टिक बॉलच्या टाळूला लागते आणि तो बिचारा गवतातून सरपटत जातो. विज्ञान शिकवलेल्या बाईला हे समजायला हवं होतं असं कुणी म्हणेल, पण वहीतलं विज्ञान खांद्यात उतरायला वेळ लागतो. स्टिकचं पातं मुळातच तिरपं असतं, सेव्हन आयर्नचं तीस अंशांहून थोडं जास्त. वर उचलायचं काम तो कोन करतो. आपण खालच्या दिशेनं मारायचं, बॉल वर जातो. पातं आणि बॉल एकमेकांना भेटतात ते जेमतेम अर्धा मिलिसेकंद. तेवढ्यात सगळा निकाल लागलेला असतो. मारता मारताच मान वर करून बॉल कुठे गेला ते बघण्याची घाई करतो, त्यानंच निम्मे फटके बिघडतात.

बॉलवरच्या खळग्यांचं तर मला वेडच लागलं. पंचेचाळीस ग्रॅमच्या त्या गोळ्यावर तीनशेच्या वर खळगे असतात. १८४८च्या सुमाराला गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकापासून बॉल बनू लागले, तेव्हा ते अगदी गुळगुळीत असत. खेळणाऱ्यांच्या ध्यानात आलं की नवा कोरा बॉल हवेत भरकटतो, पण मार खाऊन टोचे पडलेला जुना बॉल नीट आणि लांब जातो. मग लोक नवे बॉलच हातोडीनं टोचून घ्यायला लागले. खळग्यांमुळे बॉलभोवतीची हवा त्याला जास्त चिकटून वाहते, मागची ओढ कमी होते. गुळगुळीत बॉल याच्या निम्म्या अंतरातच दम टाकतो. मार खाल्लेला जुना बॉल लांब जातो, हे निवृत्तांच्या मेळाव्यात सांगण्याजोगं आहे, पण मी सांगत नाही. कुणीतरी लगेच त्याचं सुभाषित करून फळ्यावर लिहील.

बादलीतले बहुतेक बॉल वाया जातात. काही उजवीकडे पळतात, काही चटईवरच घुटमळतात. कधी स्टिक बॉलच्या अलीकडे चटईवर आदळते आणि कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. आणि मधेच एखादा लागतो. तो लागल्याचं हाताला कळतच नाही, ही त्यातली गंमत. जोर लावल्यासारखं वाटत नाही, काही अडल्यासारखं वाटत नाही, फक्त ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो आणि बॉल शंभराच्या पाटीच्या दिशेनं आधी खालून जातो, मग उशिरा आठवल्यासारखा वर चढतो. सर ‘शाब्बास’ वगैरे म्हणत नाहीत. ते पुढचा बॉल पायानं सरकवतात. पण त्यांनी पाहिलेलं असतं, हे मला माहीत असतं, आणि शाळेत पहिल्या बाकावरच्या मुलींना काय वाटत असेल ते मला आता वयाच्या या टोकाला कळतं.

शेजारच्या चटईवर बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा येतो. सुंदर खेळतो. मागे वडील उभे, हातात टॅब, प्रत्येक फटक्याचं चित्रीकरण. फटका बिघडला की मुलगा बॉलकडे बघत नाही, मागे वडिलांकडे बघतो. माझा फटका बिघडला तर बादलीतून पुढचा बॉल काढायचा, इतकंच होतं. मला कुठली निवड चाचणी द्यायची नाही, शिष्यवृत्ती मिळवायची नाही. जन्मभर मी इतरांच्या चुका लाल शाईनं खुणावल्या; जे येत होतं तेच केलं, कारण घर आणि नोकरी दोन्ही त्यावर चालत होतं. जे येत नाही ते उघड्यावर, चारचौघांत, मन लावून वाईट करत राहण्याची चैन मला कधी परवडली नव्हती. लोक मला विचारतात, किती सुधारलात? सुधारले असेन थोडी. पण तो प्रश्न विचारला की मला पुन्हा ‘सांधे धरणार नाहीत’वाल्यांच्या पंगतीत बसवल्यासारखं होतं.

आता त्या लॉटरीच्या प्रश्नाकडे येते. खेळ स्वस्त नाही, आणि त्याचा इतिहास तर मुळीच गरिबांचा नाही. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता क्लब १८२९चा, ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सगळ्यात जुना. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी १९२७चा. जागेची एवढी मारामार असलेल्या मुंबईत एवढं हिरवं रान मोजक्या लोकांसाठी राखलेलं, हे मला अजूनही पचत नाही, आणि खेळायला लागले म्हणून पचवून घ्यावं असंही वाटत नाही. पण त्याच चेंबूरच्या भिंतीबाहेरच्या वस्त्यांतली पोरं लोखंडी सळई वाकवून स्टिक बनवतात आणि प्लास्टिकच्या बॉलनं गल्लीबोळांतून खेळतात, हेही तितकंच खरं. भिंत राखून बांधलेला खेळ भिंतीवरून उडी मारून बाहेर आला. १९९१मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय अली शेर हा दिल्लीच्या क्लबवर कॅडीचं काम करत वाढलेला. एस. एस. पी. चौरसियाचे वडील कोलकात्याच्या त्याच जुन्या क्लबात गवत राखायचे. मुलानं २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोनदा इंडियन ओपन जिंकली. माझे सर या नावांचा उल्लेख फार क्वचित करतात, पण करतात तेव्हा स्टिक खाली ठेवून करतात.

क्लबचं सभासदत्व माझ्या आवाक्याबाहेरचं आहे आणि त्याची खंतही नाही. खारघरला डोंगराच्या कुशीत, पांडवकड्याच्या बाजूला, सिडकोनं बांधलेला गोल्फ कोर्स आहे; तिथे सभासद असण्याची अट नाही, पैसे भरून खेळता येतं. पहिल्यांदा खऱ्या गवतावर उभी राहिले ती तिथे, कुणाच्या तरी घरात अडगळीला पडलेला अर्धा सेट घेऊन. रेंजवर जमीन सपाट असते. इथे एक पाय वर, एक खाली, समोर झाडी, त्यापलीकडे वाळूचा बंकर, आणि या सगळ्याच्या पल्याड कुठेतरी सव्वाचार इंच व्यासाचं एक भोक. बॉल झाडीत गेला तर शोधायला नियमाप्रमाणे तीन मिनिटं मिळतात. २०१९च्या आधी पाच मिळायची.

त्या दिवशी एकत्र खेळणाऱ्या आम्हा चौघांत एक निवृत्त नौदल अधिकारी होते, बरीच वर्षं खेळलेले. त्यांच्याबरोबर माझी गाठ म्हणजे एकतर्फी सामना व्हायला हवा होता. तो तसा झाला नाही याचं श्रेय हँडिकॅपला आणि स्टेबलफर्ड नावाच्या एका इंग्रज डॉक्टरला. या डॉक्टरांनी गुण मोजण्याची जी पद्धत बसवली ती १९३२पासून रूढ झाली. गणिताच्या बाईला ती इतकी आवडली की मी घरी येऊन कोष्टक मांडून बसले. नवशिक्याला चोपन्नपर्यंत हँडिकॅप मिळतो, म्हणजे अठरा होल्सना प्रत्येकी तीन फटके जास्तीचे. चारात पुरं करायचं होल मी सातात केलं तर माझे दोन गुण. आठात केलं तर एक. नवव्याची वेळ आली की शून्य. बॉल उचलायचा, खिशात टाकायचा आणि गप्पा मारत पुढच्या होलकडे चालायचं. त्या एका होलवर पंधरा फटके लागले असते तरी शून्याच्या खाली काही नाही. एका ठिकाणी माती झाली म्हणून अख्खा दिवस मातीत जात नाही. आपल्या शाळांना हा मनुष्य पन्नास वर्षांपूर्वी भेटायला हवा होता. नौदलवाले साहेब जिंकले, पण घाम येईपर्यंत.

होलचा पहिला फटका मारायच्या जागी खुणा असतात, त्यांतल्या लाल खुणांमागून मी सुरुवात केली. त्या बाकीच्यांपेक्षा पुढे असतात, त्यांना वर्षानुवर्षं ‘लेडीज टी’च म्हणत आले आहेत, हल्ली ज्येष्ठ पुरुषही तिथून खेळतात आणि कुणी काही बोलत नाही. हा खेळ जिथे वाढला त्या स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजमध्ये १८६७ साली बायकांचा क्लब निघाला, पण फक्त पटिंगचा. हिरवळीवर बॉल हळूच ढकलत होलमध्ये घालायचा, बस्स. स्टिक खांद्याच्या वर नेऊन मारणं बाईच्या जातीला शोभत नाही, अशी तिथल्या सभ्य लोकांची समजूत होती. त्या उंचसखल हिरवळीला नाव पडलं ‘हिमालय’, आणि ती अजून आहे. सेंट अँड्र्यूजच्या मुख्य क्लबानं, रॉयल अँड एन्शंटनं, बायकांना सभासद करून घ्यायला २०१४ उजाडलं. स्कॉटलंडच्या सभ्य लोकांत आणि माझ्या आजीत एवढं एकमत असेल असं मला वाटलं नव्हतं.

भिशीच्या बायकांच्या मी गेले काही महिने ‘एकदा चला’ म्हणून मागे लागले होते. कुणाचं पथ्य, कुणाची मुलगी बाळंतपणाला आलेली, कुणाला ऊन. शेवटी परवा तिघी आल्या. दोघींनी चटईवर उभं राहून फोटो काढले आणि चहाकडे वळल्या. तिसऱ्या कुलकर्णीकाकू, सत्तरी पार केलेल्या, एरवी भिशीत अवाक्षर न बोलणाऱ्या. त्यांनी पदर खोचला, चपला काढून बाजूला ठेवल्या, सरांनी दाखवली तशी स्टिक धरली आणि गुडघ्यात किंचित वाकून उभ्या राहिल्या. त्या उभं राहण्यातच काहीतरी होतं. सर दोन पावलं मागे सरले. पहिलाच बॉल पन्नासच्या पाटीच्या वरून गेला.

“काकू, आधी काय खेळायचात?” सरांनी विचारलं.

“खो-खो. जिल्ह्याच्या संघात होते,” त्या म्हणाल्या. “बादलीत अजून आहेत ना?”